नव्या युनिक्स सर्व्हरवर एसएसएचची ओळख-पडताळणी: पासवर्ड बंद करण्याआधी आणि नंतर

सार्वजनिक आयपी पत्ता असलेला सर्व्हर सुरू करून एक रात्र तसाच ठेवा आणि सकाळी लॉग उघडा. 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट', 'ओरॅकल' अशी नावं आणि नेहमीचे पासवर्ड घेऊन कुठल्या कुठल्या पत्त्यांवरून बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, येऊन गेलेले दिसतील. त्यांना तुमच्या सर्व्हरशी वैर नसतं. ते पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं नेहमीचं दार, उघडं दिसेल तिथे प्रयत्न करतात आणि एखाद्या खात्याचा पासवर्ड सोपा निघाला की आत शिरतात.

एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे आत जाऊन काम करण्याची सोय, १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलॉनेन यांनी लिहिलं. त्यांच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला होता आणि टेलनेट, आरलॉगिन यांसारख्या सेवा पासवर्ड उघडाच पाठवत असत. एसएसएचने वाटेतली चोरी थांबवली. पण पासवर्ड अंदाजाने ओळखला जाण्याचा धोका एन्क्रिप्शनमुळे कमी होत नाही. त्यासाठी पासवर्डच काढून टाकून किल्ल्यांवर, म्हणजे जोडीने बनणाऱ्या एका खासगी आणि एका सार्वजनिक फाइलीवर, यावं लागतं. हा लेख त्याच कामाचा आहे: लिनक्स किंवा बीएसडीवरचं ओपनएसएसएच (एसएसएच चालवणारं नेहमीचं सॉफ्टवेअर), नवा सर्व्हर आणि हे पहिल्यांदाच करणारा माणूस.

लिपीबद्दल एक सूचना. आज्ञा, फाइलींची नावं आणि सेटिंग्ज इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायची. एका अक्षराचा पर्याय असेल तर लहान अक्षर धरा. मोठं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

कामाला लागण्याआधी

या कामात हल्लेखोरापेक्षा आपणच बाहेर अडकण्याची शक्यता जास्त असते. म्हणून आधी दुसरी वाट शोधून ठेवा. भाड्याचा सर्व्हर असेल तर पुरवठादाराच्या पॅनलमध्ये 'कन्सोल' किंवा 'व्हीएनसी' असतं. ते उघडून, खात्याचा पासवर्ड टाकून खरोखर आत जाता येतं का ते पाहा. बटण दिसतंय म्हणून चालेल असं धरू नका. कन्सोल चालतं पण खात्याला पासवर्डच दिलेला नाही, ही गोष्ट अनेकांना अडकल्यावर कळते. प्रत्यक्ष यंत्र जवळ असेल तर कीबोर्ड आणि स्क्रीन जोडता आली म्हणजे झालं.

दुसरं, सध्याची एसएसएचची एक खिडकी उघडी ठेवायची आणि सगळं संपेपर्यंत ती बंद करायची नाही. सेवा रीलोड झाली तरी चालू असलेलं सत्र तुटत नाही, त्यामुळे चुकीचं सेटिंग मागे घ्यायला ती खिडकी उपयोगी पडते.

तिसरं, दोन्ही बाजूंची आवृत्ती पाहा. 'एसएसएच -व्ही', व्ही मोठ्या लिपीतला, असं दिलं की आवृत्ती छापली जाते. पुढच्या काही गोष्टी आवृत्तीवर अवलंबून आहेत.

रोज 'रूट'ने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, आत जाण्याची सवय असेल तर ती इथेच सोडा. एक साधं खातं तयार करा, त्याला पासवर्ड द्या आणि सुडोचा, म्हणजे गरजेपुरत्या रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याचा, हक्क द्या. डेबियन-उबंटूवर त्यासाठी 'सुडो' गटात आणि रेडहॅटच्या घराण्यात 'व्हील' गटात नाव घालतात. किल्लीने आत आल्यावरही सुडो या खात्याचाच पासवर्ड विचारेल. एसएसएचमध्ये पासवर्ड बंद केल्याने खात्याचा पासवर्ड नाहीसा होत नाही, आणि कन्सोलसाठीही तोच लागणार आहे.

पहिली पायरी: किल्ली आपल्या यंत्रावर बनवा

किल्ली सर्व्हरवर बनवून खाली उतरवणं हा उलटा मार्ग. खासगी किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, जिथे बनते तिथून हलू नये. आपल्या लॅपटॉपवर ही आज्ञा द्या:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ -ए १०० -सी "कामाचा-लॅपटॉप"

इथला सी मोठा आहे. 'टी' म्हणजे किल्लीचा प्रकार. ईडी२५५१९ ओपनएसएसएचमध्ये २०१४ पासून, म्हणजे ६.५ आवृत्तीपासून आहे, आणि २०२३ मधल्या ९.५ पासून काही न सांगता हाच प्रकार बनतो. किल्ली छोटी, वेग चांगला, निवडायला काही उरत नाही. फारच जुन्या यंत्राशी बोलायचं असेल तरच आरएसए घ्या, आणि तीही ३०७२ बिटांपेक्षा कमी नको. डीएसए विसरा, ती २०१५ पासून आपोआप बंद होती आणि २०२५ च्या १०.० आवृत्तीत पूर्णपणे काढली गेली.

'ए' म्हणजे पासफ्रेजवर, म्हणजे किल्लीच्या फाइलीला लावलेल्या पासवर्डवर, किती फेऱ्या चालवायच्या. काही न दिल्यास १६ होतात. १०० दिल्या की किल्ली उघडायला तुम्हाला किंचित जास्त वेळ लागतो, पण फाइल चोरून पासफ्रेज शोधत बसलेल्याचं काम त्याच प्रमाणात वाढतं. 'सी' पुढचा मजकूर ही फक्त टीप आहे. तरी ती नीट लिहा. वर्षभराने सर्व्हरवर पाच किल्ल्या दिसतील तेव्हा कोणती कुठल्या यंत्राची, हे त्या टिपेवरूनच कळणार आहे.

पासफ्रेज विचारला जाईल तेव्हा नुसतं एंटर दाबण्याचा मोह होतो. पासफ्रेज नसलेली किल्ली म्हणजे साधी फाइल. लॅपटॉपचा बॅकअप ज्याच्या हाती लागला त्याच्या हाती सर्व्हरही लागला. चार-पाच असंबद्ध शब्दांचं वाक्य पुरेसं आहे. रोज टाइप करायचा कंटाळा असेल तर त्यासाठी एसएसएच-एजंट आहे: 'एसएसएच-ॲड -टी ४एच' दिलं की उघडलेली किल्ली चार तास स्मृतीत राहते आणि मग निघून जाते. पासफ्रेज नंतर बदलायचा असेल तर 'एसएसएच-कीजेन -पी'. त्याने किल्ली तीच राहते, सर्व्हरवर काही करावं लागत नाही.

दोन फाइली तयार होतात. 'आयडी_ईडी२५५१९' ही खासगी, आणि तिच्याच नावापुढे '.पब' लावलेली सार्वजनिक. दुसरी कुणालाही दाखवा. पहिली ईमेलने, चॅटवर, गिटच्या रिपॉझिटरीत, कुठेही जाता कामा नये. एकदा गेली की ती किल्ली रद्द समजून नवी बनवायची.

सर्व्हर खरा आहे ना?

पहिल्यांदा जोडताना एसएसएच विचारतं की या यजमानाची (होस्टची, म्हणजे सर्व्हरची) खात्री पटवता येत नाही, पुढे जायचं का. बहुतेक जण 'येस' टाइप करून मोकळे होतात. तुम्ही कोण हे सर्व्हरला पटवण्याइतकंच सर्व्हर कोण हे तुम्हाला पटणं महत्त्वाचं आहे, आणि त्याची संधी ही एकदाच येते. पुरवठादाराच्या कन्सोलमध्ये जाऊन ही आज्ञा द्या:

एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब

येणाऱ्या ओळीतला 'एसएचए२५६' ने सुरू होणारा भाग आणि तुमच्या स्क्रीनवरचा ठसा (फिंगरप्रिंट) एकच असला पाहिजे. नव्या आवृत्त्यांत 'येस'ऐवजी तो ठसाच चिकटवता येतो. जुळला तरच जोडणी पुढे जाते. डोळ्यांनी अक्षरं ताडून बघण्यापेक्षा हे बरं.

पुढे कधी 'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' अशी मोठी चौकट आली तर आधी कारण शोधा. सर्व्हर नव्याने बसवला असेल, आयपी पत्ता दुसऱ्या यंत्राला गेला असेल, तर ते साहजिक आहे. कारण पटल्यावर 'एसएसएच-कीजेन -आर' आणि यजमानाचं नाव, आर मोठा, असं देऊन जुनी नोंद काढा. कारणच सापडत नसेल तर पासवर्ड टाइप करू नका.

सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर

सोपी आज्ञा अशी:

एसएसएच-कॉपी-आयडी -आय ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९.पब वापरकर्ता@सर्व्हर

ती पासवर्डने एकदा आत जाते आणि सार्वजनिक किल्लीची ओळ घरच्या फोल्डरमधल्या '.एसएसएच/ऑथोराइज्ड_कीज' या फाइलीत जोडते. विंडोज १० आणि ११ मध्ये ओपनएसएसएच मिळतं पण त्यात ही आज्ञा येत नाही. तिथे ओळ हाताने चिकटवावी लागते. हाताने करताना दोन चुका नेहमी होतात. एक, टर्मिनलमध्ये लांब ओळ मोडून दोन ओळी होतात. एका किल्लीची एकच ओळ असली पाहिजे, मधे एंटर चालत नाही. दुसरी पुटी हा विंडोजवरचा एसएसएच प्रोग्राम वापरणाऱ्यांची: पुटीजेनमधलं 'सेव्ह पब्लिक की' हे बटण वेगळ्या, अनेक ओळींच्या साच्यात फाइल लिहितं आणि ऑथोराइज्ड_कीजला तो साचा समजत नाही. खिडकीच्या वरच्या चौकटीत जो मजकूर दिसतो तो कॉपी करायचा.

आता परवानग्या. किल्ली नीट चिकटवूनही सर्व्हर पासवर्डच मागत राहिला, तर संशय आधी इथे घ्यावा. '.एसएसएच' फोल्डर ७००, ऑथोराइज्ड_कीज फाइल ६०० (म्हणजे दोन्ही फक्त मालकाला खुली), दोन्हींचा मालक तो वापरकर्ता. हे सगळे करतात. सुटतं ते घरचं फोल्डर. 'स्ट्रिक्टमोड्स' हे सेटिंग मुळातच चालू असतं, आणि घरच्या फोल्डरवर गटाला किंवा इतरांना लिहिण्याची मुभा असेल, म्हणजे ७७५ किंवा ७७७, तर सर्व्हर किल्लीची फाइल वाचायलाच नकार देतो. कारण सरळ आहे: ज्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता येतं त्याला '.एसएसएच'चं नाव बदलून स्वतःचं फोल्डर त्या जागी ठेवता येतं. तुमच्या स्क्रीनवर मात्र यातलं काही दिसत नाही, फक्त 'परमिशन डिनाइड' येतं. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' असं लिहिलेलं असतं. ७५५ किंवा त्याहून कडक ठेवा.

रेडहॅटच्या घराण्यात एसईलिनक्स ही लेबलं पाहून प्रवेश ठरवणारी जादा सुरक्षा चालू असते. फाइल दुसरीकडून हलवून आणली असेल तर तिचं लेबल चुकीचं राहतं. 'रिस्टोअरकॉन -आर ~/.एसएसएच', आर मोठा, एवढ्याने ते सुधारतं. आणि घरचं फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं असून लॉगिननंतरच उघडत असेल, तर सर्व्हरला आतली किल्ली आधी वाचता येणारच नाही. तिथे 'ऑथोराइज्डकीजफाइल' हे सेटिंग वापरून किल्ल्या घराबाहेर, ईटीसीखालच्या एखाद्या फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात.

यानंतर नवी खिडकी उघडून आत जाऊन पाहा. पासफ्रेज विचारला गेला तर किल्ली लागली. खात्याचा पासवर्ड विचारला गेला तर लागली नाही. दोन्ही प्रश्न दिसायला सारखेच असतात, म्हणून ओळ नीट वाचा: पासफ्रेजच्या प्रश्नात किल्लीच्या फाइलीचं नाव असतं. शंका नको असेल तर जोडताना '-ओ प्रेफर्डऑथेंटिकेशन्स=पब्लिककी' हा पर्याय द्या. त्यावरही आत गेलात तरच पुढे चला.

पासवर्ड बंद करणे

मुख्य फाइल '/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग'. बरेच जण ती उघडतात, 'पासवर्डऑथेंटिकेशन' शोधतात, 'नो' करतात, सेवा रीलोड करतात आणि निश्चिंत होतात. पासवर्ड तरीही चालू राहतो. याची तीन कारणं असतात, आणि या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

पहिलं: या फाइलीत एकच सेटिंग दोनदा आलं तर पहिलं खरं धरलं जातं, शेवटचं नाही. हा नियम इतर बऱ्याच प्रोग्रामच्या उलट आहे. हल्लीच्या डेबियन, उबंटू, फेडोरा आणि रेडहॅटमध्ये फाइलीच्या सुरुवातीलाच एक 'इन्क्लूड' ओळ असते; ती 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' फोल्डरमधल्या '.कॉन्फ' फाइली नावाच्या क्रमाने आधी वाचते. क्लाउडवरच्या उबंटूत तिथे '५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ' नावाची फाइल असू शकते, आणि तिच्यात 'पासवर्डऑथेंटिकेशन येस' असू शकतं. मग मुख्य फाइलीत तुम्ही काहीही लिहा. त्यामुळे मुख्य फाइलीला हात न लावता त्याच फोल्डरमध्ये '००-' ने सुरू होणारी स्वतःची फाइल बनवणं चांगलं. '९९-' दिलंत तर ती शेवटी वाचली जाईल आणि हरेल.

दुसरं: पासवर्ड विचारण्याचा आणखी एक रस्ता आहे, 'केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन'. युनिक्सची पॅम ही ओळख-पडताळणीची व्यवस्था याच रस्त्याने प्रश्न विचारते, आणि पॅमचा पहिला प्रश्न सहसा पासवर्डचाच असतो. एक बंद आणि दुसरा चालू राहिला तर बॉटच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. जुन्या फाइलींत याचं नाव 'चॅलेंजरिस्पॉन्सऑथेंटिकेशन' असं दिसेल. २०२१ पासून ते नाव मागे पडलं, पण अजून समजलं जातं.

तिसरं: 'मॅच' ओळीखालचं सगळं, पुढची 'मॅच' येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत, फक्त त्या अटीपुरतं लागू होतं. फाइलीच्या तळाशी नवं सेटिंग जोडलंत आणि वर कुठेतरी 'मॅच' असेल, तर ते सेटिंग सगळ्यांना लागू होत नाही. ओळीच्या आधीची मोकळी जागा इथे काही ठरवत नाही.

तर आपल्या '००-' फाइलीत हे लिहा:

परमिटरूटलॉगिन नो
पबकीऑथेंटिकेशन येस
पासवर्डऑथेंटिकेशन नो
केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन नो
अलाउग्रुप्स एसएसएचयूजर्स
लॉगिनग्रेसटाइम ३०

'परमिटरूटलॉगिन' काही न दिल्यास २०१५ पासून 'प्रोहिबिट-पासवर्ड' धरलं जातं, म्हणजे रूट किल्लीने आत येऊ शकतो. साध्या खात्यातून सुडो जमतंय तोवर त्याची गरज नाही. 'अलाउग्रुप्स' फार उपयोगी आहे: एखादा प्रोग्राम बसवताना गुपचूप खातं तयार झालं तरी त्याला एसएसएच मिळत नाही. पण क्रम पाळा. आधी तो गट तयार करा, स्वतःला त्यात घाला, 'आयडी' आज्ञेने नाव दिसतंय ना ते पाहा आणि मगच ही ओळ लिहा. उलट क्रमाने केलं तर रीलोड होताच दार तुमच्यासकट सगळ्यांना बंद. 'लॉगिनग्रेसटाइम' म्हणजे ओळख पटवायला दिलेला वेळ. मूळ १२० सेकंद असतो, ३० पुरतात. नुसता पासफ्रेज टाइप करायला वेळ लागत असेल तर ६० ठेवा, हे काही सुरक्षेचं मोठं कलम नाही.

'यूजपॅम' मात्र 'येस' असेल तर तसंच ठेवा. काही मार्गदर्शिका ते बंद करायला सांगतात. पण सत्राच्या मर्यादा, खात्याची मुदत, लॉगिनच्या नोंदी हे सगळं पॅममधून चालतं. ते बंद करून पासवर्ड बंद करणं हा आडमार्ग आहे.

'मॅक्सऑथट्राइज' कमी करण्याचा सल्लाही सगळीकडे मिळतो. मूळ आकडा ६ आहे. एजंटमध्ये पाच-सहा किल्ल्या असलेला माणूस जोडतो तेव्हा प्रत्येक किल्ली हा एक प्रयत्न धरला जातो, आणि बरोबर किल्लीची पाळी येण्याआधीच 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' येऊन जोडणी तुटते. पासवर्ड बंद असताना हा आकडा २ करून फायदा जवळजवळ नाही, त्रास नक्की.

लिहिलेलं आणि लागू झालेलं

फाइल जतन केल्यावर लगेच रीलोड नको. आधी '/यूएसआर/एसबिन/एसएसएचडी -टी', टी लहान, सुडोने चालवा. काही छापलं नाही म्हणजे व्याकरण ठीक आहे. मग तीच आज्ञा मोठ्या टीने. ती सगळ्या फाइली वाचून शेवटी कोणतं सेटिंग खरं ठरलं याची पूर्ण यादी देते. त्यात 'पासवर्डऑथेंटिकेशन', 'केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन' आणि 'परमिटरूटलॉगिन' या ओळी शोधा. भरवसा या यादीवर ठेवायचा, फाइलीत काय दिसतं त्यावर नाही. 'मॅच' वापरलं असेल तर एका विशिष्ट वापरकर्त्यासाठी काय लागू होतं ते '-सी यूजर=नाव', सी मोठा, असं जोडून पाहता येतं.

मग सेवा रीलोड करा. डेबियन-उबंटूवर सेवेचं नाव 'एसएसएच', रेडहॅट, फेडोरा आणि आर्चवर 'एसएसएचडी'. 'सिस्टिमसीटीएल रीलोड' पुढे ते द्या. फ्रीबीएसडीवर 'सर्व्हिस एसएसएचडी रीलोड', ओपनबीएसडीवर 'आरसीसीटीएल रीलोड एसएसएचडी'.

जुनी खिडकी तशीच ठेवून नव्या खिडकीतून दोन चाचण्या घ्या. किल्लीने आत जाता आलं पाहिजे. आणि किल्ली न वापरता जाता येता कामा नये: '-ओ पबकीऑथेंटिकेशन=नो' देऊन जोडा; पासवर्डचा प्रश्न न येता थेट नकार मिळाला, आणि कंसात फक्त 'पब्लिककी' लिहिलेलं दिसलं, की काम झालं. कंसातली ती यादी सर्व्हर कोणते मार्ग स्वीकारतो ते सांगते. तिथे 'पासवर्ड' किंवा 'कीबोर्ड-इंटरॲक्टिव्ह' दिसलं तर मागच्या तीन कारणांकडे परत जा. दुसरी चाचणी बहुतेक जण गाळतात, आणि पासवर्ड उघडा राहिलाय हे त्यामुळेच कळत नाही.

दुसरा टप्पा: कोड किंवा हार्डवेअर किल्ली

एका माणसाच्या छंदाच्या सर्व्हरला पासफ्रेज असलेली किल्ली पुष्कळ झाली. इतरांचा डेटा असेल, किंवा वापरकर्त्यांच्या लॅपटॉपांवर तुमचं नियंत्रण नसेल, तर दुसरा घटक जोडा.

स्वच्छ मार्ग म्हणजे फिडो टोकन, यूएसबीत खोचायची छोटी किल्ली. ओपनएसएसएचमध्ये ही सोय ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून आहे, आणि दोन्ही टोकांना तेवढी आवृत्ती लागते. किल्ली बनवताना प्रकार 'ईडी२५५१९-एसके' द्यायचा. '-ओ व्हेरिफाय-रिक्वायर्ड', ओ मोठा, जोडलं तर बोट लावण्याबरोबर पिनही लागतो. डिस्कवरची खासगी फाइल टोकनशिवाय निरुपयोगी असते. सर्व्हरवर वेगळं काही बसवावं लागत नाही, नेहमीसारखी सार्वजनिक ओळ चिकटवायची. टोकन मात्र दोन घ्या आणि दोन्ही नोंदवा, कारण हरवलेल्या टोकनची प्रत निघत नाही.

टोकन शक्य नसेल तर फोनवरचा सहा अंकी, दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड. डेबियन-उबंटूवर 'लिबपॅम-गूगल-ऑथेंटिकेटर' हे पॅकेज बसवा. मग 'गूगल-ऑथेंटिकेटर' ही आज्ञा त्या त्या वापरकर्त्याने स्वतःच्या खात्यातून चालवायची. सुडोने चालवली तर गुपित रूटच्या घरी जाऊन बसतं. ती विचारेल त्या प्रश्नांची उत्तरं अशी. वेळेवर आधारित कोड: हो. तोच कोड पुन्हा वापरू न देणं: हो. वेळेची खिडकी वाढवणं: नको. प्रयत्नांवर मर्यादा: हो. क्यूआर चौकटीखाली आपत्कालीन कोड छापले जातात. ते कागदावर उतरवून घ्या, फोन फुटला की तेच कामाला येतात.

'/ईटीसी/पॅम.डी/एसएसएचडी' मध्ये '@इन्क्लूड कॉमन-ऑथ' या ओळीआधी हॅश लावून ती निकामी करा, नाहीतर कोडबरोबर पासवर्डही विचारला जाईल. तिच्या जागी:

ऑथ रिक्वायर्ड पॅम_गूगल_ऑथेंटिकेटर.एसओ

ज्यांनी अजून कोड बसवलेला नाही त्यांना काही दिवस सूट द्यायची तर ओळीच्या शेवटी 'नलओके' लावतात. इथे एक खोच आहे. 'नलओके'मुळे हा भाग अशा वापरकर्त्याबद्दल होकार देत नाही, 'माझ्याकडे दुर्लक्ष करा' एवढंच म्हणतो. पॅमला मात्र कुणीतरी एक स्पष्ट होकार लागतो. वरची ओळ तुम्ही निकामी केलेली असल्याने होकार देणारं कुणी उरत नाही आणि सूट मिळालेले सगळे बाहेर राहतात. म्हणून खाली 'ऑथ रिक्वायर्ड पॅम_परमिट.एसओ' ही ओळ जोडायची. सगळ्यांनी कोड बसवला की 'नलओके' आणि ही ओळ, दोन्ही काढा.

एसएसएचडीच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या एसएसएच सेवेच्या, बाजूला 'केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन' परत 'येस' करावं लागतं, आणि त्याबरोबर:

ऑथेंटिकेशनमेथड्स पब्लिककी,कीबोर्ड-इंटरॲक्टिव्ह

स्वल्पविरामाच्या पुढे मोकळी जागा नको. स्वल्पविराम म्हणजे 'हेही आणि तेही'. मोकळी जागा म्हणजे 'हे किंवा ते'. स्वल्पविरामाऐवजी मोकळी जागा पडली तर किल्लीशिवाय नुसत्या सहा अंकांवर आत येता येईल, आणि तुम्हाला ते जाणवणारही नाही. रात्री आपोआप बॅकअप घेणाऱ्या खात्याला कोड टाइप करता येत नाही. त्याच्यासाठी शेवटी 'मॅच यूजर' लावून फक्त 'पब्लिककी' ठेवा. त्याच्या ऑथोराइज्ड_कीजच्या ओळीआधी 'रिस्ट्रिक्ट', 'फ्रॉम' आणि 'कमांड' लिहून ती किल्ली एका पत्त्यापुरती आणि एका आज्ञेपुरती बांधून टाका.

कोड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर घड्याळ पाहा. सर्व्हर मिनिट-दोन मिनिटं मागेपुढे असला तरी कोड जुळत नाही. 'टाइमडेटसीटीएल'ने वेळ जुळवणी चालू आहे का ते बघा.

बॉटचा गोंगाट

पासवर्ड बंद झाल्यावर बॉट येत राहतात, पण त्यांच्या हाती काही लागत नाही. फेलटूबॅन बसवणं वाईट नाही. मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की तो पत्ता दहा मिनिटं अडवला जातो. पण किल्लीच्या व्यवस्थेत त्याचा उपयोग मुख्यतः लॉग हलका ठेवण्यापुरता आहे. त्याला सुरक्षेचा पाया समजू नका. बसवलंत तर 'इग्नोरआयपी'मध्ये स्वतःचा स्थिर पत्ता घाला. ओपनएसएसएच ९.८ पासून, म्हणजे २०२४ पासून, 'परसोर्सपेनल्टीज' नावाची अशीच सोय आतच आहे आणि आपोआप चालू असते.

पोर्ट बदलण्याबद्दलही तेच. गोंगाट कमी होतो, शोधणाऱ्याला पोर्ट सापडतंच. बदलायचंच तर १०२४ च्या खालचं रिकामं पोर्ट घ्या, कारण वरच्या पोर्टवर साधा वापरकर्ताही स्वतःचा प्रोग्राम बसवू शकतो. फायरवॉल आधी उघडा. एसईलिनक्सला 'सेमॅनेज पोर्ट'ने सांगा. उबंटूच्या नव्या आवृत्त्यांत पोर्ट 'एसएसएच.सॉकेट' धरतं, म्हणून तिथे 'डीमन-रीलोड' करून सॉकेटच रीस्टार्ट करावं लागतं.

अडलं तर

'कनेक्शन रिफ्यूज्ड' किंवा 'टाइम्ड आउट' आलं तर किल्ल्यांना दोष देऊ नका. सेवा बंद आहे किंवा फायरवॉल आड येतंय. ओळख पटवण्यापर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही.

'परमिशन डिनाइड' आलं तर जोडताना '-व्ही' लावा. कोणती फाइल दाखवली गेली, सर्व्हरने ती स्वीकारली का, हे ओळीओळीने दिसतं. पण नकाराचं कारण सर्व्हर बाहेरच्याला मुद्दाम सांगत नाही. ते आतल्या लॉगमध्येच मिळतं: 'जर्नलसीटीएल -यू एसएसएच', किंवा डेबियन-उबंटूच्या जुन्या पद्धतीत 'ऑथ.लॉग' आणि रेडहॅटवर 'सिक्युअर'. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून प्रयत्न केला की बहुतेक प्रश्न लगेच उलगडतात.

'अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल' हे तुमच्या यंत्राचं म्हणणं आहे: खासगी फाइल ६०० करा. 'नो म्युच्युअल सिग्नेचर' दिसलं तर एका बाजूला जुनं सॉफ्टवेअर आहे. २०२१ च्या ८.८ पासून आरएसएवरची एसएचए-१ सही आपोआप नाकारली जाते. जुनी सही परत चालू करण्याऐवजी ईडी२५५१९ किल्ली बनवा, आणि ते यंत्र अद्ययावत करा. खूप किल्ल्यांमुळे जोडणी तुटत असेल तर स्वतःच्या '.एसएसएच/कॉन्फिग' फाइलीत त्या यजमानाखाली 'आयडेंटिटीफाइल' आणि 'आयडेंटिटीजओन्ली येस' लिहा. मग एकच किल्ली दाखवली जाते.

एका सर्व्हरमार्गे दुसऱ्यावर जायचं असताना एजंट फॉरवर्डिंग, म्हणजे '-ए' मोठा, टाळा. मधल्या यंत्रावरच्या रूटला तेवढा वेळ तुमचा एजंट वापरता येतो. '-जे' मोठा आणि मधल्या सर्व्हरचं नाव दिलं की जोडणी त्याच्यामार्गे जाते, पण ओळख तुमच्या लॅपटॉपवरूनच पटवली जाते.

माणूस गेला, किल्ली राहिली

सहकारी काम सोडून जातो तेव्हा 'पासडब्ल्यूडी -एल'ने त्याचं खातं कुलूपबंद करून थांबणं पुरेसं नाही. त्याने फक्त पासवर्ड बंद होतो. लिनक्सवर पॅम चालू असताना किल्लीने तो पूर्वीसारखाच आत येतो. खात्याची मुदतच संपवा: 'यूजरमॉड --एक्स्पायरडेट १' आणि खात्याचं नाव. मग त्याच्या किल्लीची ओळ काढा, फक्त त्याच्या खात्यातून नाही तर रूट आणि सामायिक खात्यांच्या ऑथोराइज्ड_कीजमधूनही. चालू सत्रं यातल्या कशानेही तुटत नाहीत, म्हणून 'लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजर' वेगळं द्यावं लागतं.

कोणती ओळ कुणाची हे टिपेवरून कळत नसेल तर 'एसएसएच-कीजेन -एलएफ' त्या ऑथोराइज्ड_कीज फाइलीवर चालवा. प्रत्येक किल्लीचा ठसा छापला जातो. लॉगमधल्या 'ॲक्सेप्टेड पब्लिककी' ओळींच्या शेवटी तोच ठसा असतो, वेळ आणि पत्त्यासकट. दोन्ही याद्या जुळवून पाहा. उपलब्ध लॉगमध्ये ज्या किल्लीचा ठसा एकदाही दिसत नाही, तिचा मालक शोधा. नाही सापडला तर ती ओळ काढून टाका.